दवंडीपासून गेमपर्यंत : धोक्याच्या इशाऱ्याचा प्रवास
(द्वितीय वर्ष, कला)

संकट येण्यापूर्वी ते येत आहे हे माणसाला कळावे, ही मानवी समाजाची फार जुनी गरज आहे. पूर येणार, वादळ येणार, धरण फुटणार, शत्रूची विमाने येणार, अशा प्रत्येक प्रसंगी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, संकट येत आहे हे कोणाला कळते? दुसरा, ज्याला कळले तो इतरांना कसे कळवितो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञान देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र समाजाला शोधावे लागते. म्हणून हा विषय केवळ विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांचा नसून आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचाही आहे, असे मला वाटते.

ऑनलाइन व्हिडिओ गेम पुरविणाऱ्या सेवांमधून सरकारने जनतेला आणीबाणीच्या सूचना पाठवाव्यात काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रथमदर्शनी ही कल्पना हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. "गेम म्हणजे पोरांचा वेळ घालविण्याचे साधन, तेथे सरकारी सूचनेचे काय काम?" असे कोणीही विचारील. परंतु थोडा खोलवर विचार केल्यास प्रश्न इतका सोपा नाही, असे आढळून येईल.

इशारा आणि कान

आपल्या खेड्यांत पूर्वी दवंडी पिटली जात असे. दवंडी देणारा एका जागी उभा राहून ओरडत नसे. तो चावडीपाशी जाई, पाराजवळ थांबे, पाणवठ्यावर जाई, वेशीबाहेरच्या वस्तीतही जाई. जेथे माणसे असतील तेथे त्याने जायचे, हा त्याच्या कामाचा साधा नियम होता. लोकांनी आपल्याकडे यावे अशी अपेक्षा तो करीत नसे. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो, कारण इशारा देण्याच्या साऱ्या शास्त्राचे सूत्र त्यात आले आहे. लोकांचा कान जेथे असेल तेथे आवाज पोहोचला पाहिजे.

पुढे काळ बदलला तसे कानही हलले. दवंडीची जागा भोंग्याने घेतली, भोंग्याच्या जोडीला रेडिओ आला, मग दूरदर्शन व त्यानंतर मोबाइल आला. आज ज्या वयाचे आपण आहोत, त्या वयाची मुले संध्याकाळी रेडिओ ऐकत नाहीत आणि टीव्हीसमोरही फारशी बसत नाहीत. पुष्कळ जण कानात इअरफोन घालून गेम खेळतात. खेळताना इतर सूचनांनी व्यत्यय आणू नये म्हणून फोनवरील सूचना बंद करून ठेवण्याची सोयही असते. म्हणजे ज्या माणसाला इशारा द्यायचा, त्याने आपले कान एका जागी गुंतवून बाकी सर्व दारे लावून घेतलेली असतात. अशा वेळी जे एकच दार उघडे आहे, त्या दाराने आत जावे काय, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील व्यवस्था

या प्रश्नाची चर्चा करण्यास अमेरिकेचे उदाहरण सोयीचे आहे, कारण नवे साधन आले की इशाऱ्याची व्यवस्था त्यास जोडून घेण्याची तेथे मोठी परंपरा आहे. १९५१ साली शीतयुद्धाच्या काळात तेथे 'कॉनेलरॅड' नावाची व्यवस्था सुरू झाली. हल्ल्याचा संभव निर्माण होताच इतर रेडिओ केंद्रांनी आपले नेहमीचे प्रक्षेपण थांबवायचे आणि सूचना केवळ ६४० व १२४० किलोहर्ट्झ या दोन ठिकाणी ऐकवायच्या, अशी ती योजना होती. शत्रूच्या विमानांना रेडिओलहरींच्या आधारे शहरांचा माग काढता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. १९६३ साली तिच्या जागी नवी प्रक्षेपणव्यवस्था आली आणि १९९७ साली आजची 'इमर्जन्सी अलर्ट सिस्टम' आली. ती रेडिओ, टीव्ही व केबल यांवरून चालते.

२००५ सालच्या ऑगस्टमध्ये कॅटरिना चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स शहराची दुर्दशा केली. त्यानंतर २००६ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एक आदेश काढून जनतेला इशारे देण्याची एकत्रित व्यवस्था उभारण्यास सांगितले. त्यातून 'फेमा' या आपत्तीनिवारण संस्थेची 'आयपॉज' ही व्यवस्था आकारास आली. २०१२ पासून मोबाइलवर थेट इशारे जाऊ लागले. प्रारंभी अशा संदेशात केवळ ९० अक्षरे मावत. २०१९ पासून ही मर्यादा ३६० अक्षरांपर्यंत वाढविण्यात आली.

याच काळात एक विलक्षण घटना घडली. १३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी हवाई बेटांवरील लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा संदेश आला आणि ही रंगीत तालीम नव्हे, असेही त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात कोणतेही क्षेपणास्त्र येत नव्हते. इशारा खोटा असल्याचा दुसरा संदेश मोबाइलवर येण्यास ३८ मिनिटे लागली. या घटनेनंतर हवाईचे सिनेटर ब्रायन शॅट्झ आणि साउथ डकोटाचे सिनेटर जॉन थून यांनी त्याच वर्षी इशारेव्यवस्थेच्या सुधारणेचे विधेयक मांडले. त्यातील तरतुदी पुढे संरक्षणखर्चाच्या मोठ्या कायद्यात समाविष्ट होऊन १ जानेवारी २०२१ रोजी कायदा झाल्या. इंटरनेटवरून चित्रपट व संगीत पुरविणाऱ्या सेवांमधून इशारे देता येतील काय, याचा अभ्यास व्हावा, ही त्यांपैकी एक तरतूद होती. त्यानुसार २०२१ च्या जूनमध्ये तेथील दूरसंचार आयोगाने रीतसर चौकशी सुरू केली. ती केवळ चौकशी होती, सक्ती नव्हे. परंतु त्यामागील तर्क उघड होता. टीव्ही पाहणारा माणूस टीव्ही सोडून इंटरनेटवरील चित्रपटाकडे गेला, तर इशाऱ्यानेही त्याच्या मागे जावयास हवे. हाच तर्क एक पाऊल पुढे नेला की आपण ऑनलाइन गेमपाशी येऊन पोहोचतो.

गेममधून संदेश गेलेले आहेत

गेममधून सार्वजनिक संदेश पाठविणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. त्याची तीन उदाहरणे येथे देतो.

पहिले उदाहरण निवडणुकीचे आहे. २००८ साली अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारकांनी 'एक्सबॉक्स लाइव्ह' या सेवेवरील १८ खेळांत जाहिराती दिल्या. 'बर्नआउट पॅराडाइज' या मोटारशर्यतीच्या गेममध्ये रस्त्याच्या कडेच्या फलकावर ओबामांचे चित्र दिसे. लवकर मतदान करता येते, हे त्यावर सांगितलेले असे. या जाहिराती निवडक १० राज्यांतील खेळाडूंसाठी होत्या. म्हणजे खेळाडू कोणत्या राज्यात आहे हे ओळखून त्याच्या पडद्यावर वेगळा मजकूर आणणे तेव्हाही शक्य होते.

दुसरे उदाहरण 'पोकेमॉन गो' या गेमचे. घराबाहेर हिंडत खेळावयाच्या या गेममध्ये २०१७ च्या डिसेंबरपासून खेळाडूच्या ठिकाणचे खरे हवामान दिसू लागले. हवामान फार बिघडले असल्यास गेम सावधगिरीची सूचना दाखवितो आणि आपण सुरक्षित आहोत असे खेळाडूने बटण दाबून सांगावयाचे असते. येथे जागेनुसार धोक्याची सूचना प्रत्यक्ष गेमच्या आत दिली जाते.

तिसरे उदाहरण कोरोनाच्या साथीचे. २०२० साली ब्रिटनमध्ये 'डर्ट रॅली २.०' या शर्यतीच्या गेममधील जाहिरातींच्या जागांवर घरीच राहण्याचा सरकारी संदेश दाखविण्यात आला आणि तो त्या देशातील खेळाडूंपुरता होता. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठिंब्याने अनेक गेम कंपन्यांनी 'दूर राहून एकत्र खेळा' अशा आशयाची मोहीम चालविली.

ही तिन्ही उदाहरणे पाहता मार्ग आहे आणि तो वापरलाही गेला आहे, हे स्पष्ट होते. मात्र मतदानाची आठवण आणि दारात आलेला पूर यांत फरक आहे. पहिल्या सूचनेस उशीर झाला तरी बिघडत नाही. दुसऱ्या सूचनेत मिनिटांचा हिशेब असतो.

सूचना कशी पोहोचेल?

येथे थोडी तांत्रिक माहिती देणे आवश्यक आहे. निरनिराळ्या यंत्रांना कळेल असा इशारा एकाच साच्यात लिहावा, यासाठी 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना तयार झालेला आहे. त्याची पहिली आवृत्ती २००४ साली आली व १.२ ही आवृत्ती २०१० साली आली. या नमुन्यात संकट कोणते, ते किती तीव्र, किती तातडीचे, किती खात्रीचे, कोणत्या क्षेत्रासाठी आणि कोणत्या वेळेपर्यंत, हे ठरावीक रकान्यांत भरावयाचे असते. क्षेत्र नकाशावरील आकृतीच्या रूपानेही देता येते. पूर्वी दिलेला इशारा रद्द करण्याचीही सोय त्यात आहे. आमच्या गावातील तलाठ्याच्या नोंदवहीत जसे रकाने असतात, तसेच हे रकाने. फरक इतकाच की ते माणसाऐवजी यंत्र वाचते.

असा इशारा अधिकृत संस्थेने दिला की गेम कंपनीच्या संगणकाने तो खरा असल्याची खातरजमा करावी, त्या क्षेत्रात या क्षणी कोण खेळत आहे हे पाहावे आणि त्यांच्याच पडद्यावर तो दाखवावा. हे दोन प्रकारे करता येईल. एक म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांसारख्या यंत्राच्या मूळ प्रणालीनेच सूचना दाखविणे. म्हणजे कोणताही गेम चालू असला तरी ती वर येईल. दुसरा म्हणजे प्रत्येक गेमने आपापल्या परीने दाखविणे. माझ्या मते पहिला प्रकार अधिक श्रेयस्कर आहे, कारण एकेका गेमच्या निर्मात्यावर विसंबून राहिल्यास काहींत सूचना येईल आणि काहींत येणार नाही.

अडचणी

या योजनेत अडचणीही आहेत आणि त्या लपवून उपयोग नाही.

पहिली अडचण जागेची. मोबाइलच्या मनोऱ्यावरून जो इशारा दिला जातो, त्यास कोणाच्याही नंबराची यादी लागत नाही. मनोऱ्याच्या टप्प्यातील प्रत्येक योग्य फोनवर तो एकाच वेळी उमटतो. गेमचे तसे नाही. घरातील इंटरनेटला जोडलेले यंत्र नेमके कोठे आहे, हे कंपनीला इंटरनेटच्या पत्त्यावरून केवळ अंदाजाने कळते. खेड्यातील जोडणीचा पत्ता दूरच्या शहरातला दिसणे अशक्य नाही. खेळाडूचे नेमके ठिकाण विचारून घेतल्यास अचूकता वाढेल, पण मग मूल कोठे बसले आहे याची नोंद एका खाजगी कंपनीकडे राहील. माझ्या मते यावर तोडगा असा की, इशाऱ्याचा नकाशा यंत्राकडे पाठवावा आणि आपण त्या नकाशात आहोत की नाही हे यंत्राने स्वतःच तपासावे. म्हणजे मुलाचा ठावठिकाणा घराबाहेर जाणार नाही.

दुसरी अडचण चुकीच्या सूचनेची. हवाईची हकिकत वर आलीच आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी वणव्याच्या दिवसांत लॉस एंजेलिस परगण्यात एका लहान भागासाठी असलेला स्थलांतराचा इशारा जवळजवळ १ कोटी लोकांच्या फोनवर गेला. २०१३ च्या फेब्रुवारीत तर मोंटाना राज्यातील एका टीव्ही केंद्राच्या इशारायंत्रात कोणी बाहेरून शिरकाव केला आणि मुडदे थडग्यातून उठत असल्याची सूचना प्रेक्षकांना ऐकविली! अशा यंत्रांवर कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवले गेल्याने हे शक्य झाले होते. जितकी दारे अधिक, तितकी कुलपेही अधिक लागतात, हा त्यापासूनचा धडा होय. शिवाय गेममध्ये स्फोट, भोंगे आणि धोक्याचे लाल दिवे ही तर नेहमीचीच गोष्ट. खरा इशारा गेमचाच भाग वाटू नये, म्हणून त्याचा आवाज व रूप ही अगदी वेगळी आणि सर्व ठिकाणी एकसारखी असली पाहिजेत.

तिसरी अडचण मानवी स्वभावाची, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डेनिस मिलेटी व जॉन सोरेन्सन या अभ्यासकांनी १९९० साली सार्वजनिक इशाऱ्यांविषयी केलेल्या विवेचनातून एक गोष्ट पुढे येते : इशारा ऐकताच माणूस उठून पळत नाही. तो आधी शेजाऱ्याला विचारतो, आणखी कोठे तशी बातमी आहे काय ते पाहतो आणि मगच हालचाल करतो. यास मूर्खपणा म्हणता येणार नाही. ही माणसाची रीत आहे. म्हणून एकाच मार्गाने आलेल्या इशाऱ्यापेक्षा अनेक मार्गांनी आलेला एकच इशारा अधिक परिणामकारक ठरतो. गेममधील सूचनेचे खरे स्थान येथे आहे. तिने भोंग्याची किंवा मोबाइलची जागा घ्यावयाची नाही, तर त्यांना दुजोरा द्यावयाचा आहे.

याच अडचणीचा आणखी एक पदर आहे. सांघिक गेममध्ये मध्येच बाहेर पडणाऱ्याचे गुण कापले जातात किंवा त्याला काही काळ खेळू दिले जात नाही. सोबत्यांचा डाव बिघडतो तो निराळाच. त्यामुळे सूचना दिसली तरी "एवढा डाव संपू दे" असे मनात येणारच. 'पोकेमॉन गो'प्रमाणे केवळ बटण दाबून सूचना घालविता येत असेल, तर ती घालविलीच जाईल. म्हणून इशाऱ्याच्या क्षेत्रातील खेळाडू बाहेर पडल्यास त्याचे गुण कापू नयेत, हे कंपन्यांनी आधीच जाहीर करावयास हवे. गोष्ट क्षुल्लक दिसते, परंतु खेळणाऱ्याच्या मनात तेव्हा हाच हिशेब चाललेला असतो.

चौथी गोष्ट म्हणजे वेळेवर निर्णय होणे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात महापूर आला. मोबाइलवर इशारा देण्याची व्यवस्था तेथे होती, परंतु इशारा रात्री ८ वाजून गेल्यावर आला. तोपर्यंत अनेक गावांत पाणी शिरून माणसे बुडाली होती. दवंडीवाला कितीही चपळ असला, तरी पाटलाने तोंड उघडल्याशिवाय तो काय ओरडणार? साधन कितीही नवे असो, हुकूम देणाऱ्याने वेळेवर हुकूम दिला नाही तर ते निरुपयोगीच ठरते.

आपल्याकडे काय?

आपल्या महाराष्ट्रास संकटे नवी नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. धरण फुटणे आणि पुण्यात पाणी भरणे यांत काही तासांचे अंतर होते, आणि इशाऱ्याचे सारे मोल अशा तासांतच असते. ३० जुलै २०१४ चे माळीण, २२ जुलै २०२१ चे तळिये आणि १९ जुलै २०२३ चे इरशाळवाडी ही नावे आपल्या पिढीच्या कानांवर आहेतच. दर वर्षी वळवाच्या पावसात शेतातली माणसे विजेने दगावतात. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे अॅप पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि सी-डॉट यांनी वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय नमुन्यावर आधारलेली 'सचेत' ही व्यवस्था उभी केली आहे. २०२३ साली मनोऱ्यांवरून इशारे देण्याच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने झाल्या आणि वर्गात, बसमध्ये, बाजारात सर्वांचे फोन एकदम वाजले, हे पुष्कळांना आठवत असेल. आपल्याकडील बहुसंख्य मुले गेम मोबाइलवरच खेळतात. तेव्हा मनोऱ्यावरून आलेला इशारा गेमच्या डोक्यावर चढून वाजू शकतो, मग गेम कंपनीची गरज काय, असा आक्षेप येईल. आक्षेप बराचसा खरा आहे. परंतु सिमकार्ड नसलेला जुना फोन घरच्या वायफायवर चालत असेल, संगणकावर गेम चालू असेल किंवा इशाऱ्याची सोय फोनमध्ये बंद करून ठेवलेली असेल, तर मनोऱ्याचा आवाज तेथे पोहोचत नाही. अशा फटी बुजविण्यासाठीच दुसरा मार्ग हवा.

याहून मोठे कारण माझ्या मते निराळेच आहे, आणि ते मला घरच्या अनुभवावरून दिसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आई-वडिलांना फोनवर बोलता येते, पण पडद्यावरचा मजकूर वाचता येत नाही. मी शिक्षणासाठी बाहेर असतो. घरात एकच मोठा फोन आहे आणि संध्याकाळी तो शाळेत जाणाऱ्या धाकट्या भावाच्या हातात असतो. तो त्यावर गेम खेळतो म्हणून वडील त्याच्यावर रागावतात. परंतु त्या वेळी घरात लिहिता-वाचता येणारे माणूस तेवढे एकच असते! आमच्या घरामागे ओढा आहे. रात्री ओढ्याला पाणी चढणार असल्याची लेखी सूचना आलीच, तर ती वाचून आई-वडिलांना सांगणारा तोच. ज्या पोराला आपण रिकामटेकडा म्हणतो, तोच त्या घराचा दवंडीवाला आहे. अशी घरे आपल्या महाविद्यालयातील अनेक विद्यार्थ्यांची असतील. त्या मुलाचे लक्ष जेथे आहे तेथे सूचना गेली, तर ती साऱ्या घराला मिळेल.

मात्र ती सूचना मराठीत असावी, दोन-तीन वाक्यांची असावी आणि संकटाचे नाव सांगून न थांबता काय करावयाचे ते तिने सांगावे. "अतितीव्र पर्जन्यवृष्टीची शक्यता" असे म्हटल्याने बारा वर्षांच्या मुलाला काय कळणार? "ओढ्याला पाणी वाढत आहे. घरातल्या सर्वांना घेऊन आत्ताच उंच जागी जा" हे त्याला कळेल आणि तो आईला तसेच्या तसे सांगू शकेल. शक्य तेथे सूचना बोलूनही दाखविली जावी, म्हणजे न वाचणाऱ्यालाही ती समजेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. ऑनलाइन गेममधून इशारा देणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि त्याच्या जवळपासचे प्रयोग झालेले आहेत. हा मार्ग मुख्य नसून पूरक असावा. त्यावर कडक कुलूप असावे, मुलांचा ठावठिकाणा त्याच्या निमित्ताने गोळा होऊ नये, आणि क्वचितच, खऱ्या संकटाच्या वेळीच तो वापरला जावा. नाहीतर लांडगा आला रे आला या गोष्टीची पुनरावृत्ती व्हावयाची.

यंत्रे आणि कायदे आपल्या हाती नाहीत, परंतु एक गोष्ट आहे. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर आपल्या घरच्या फोनमध्ये आणीबाणीच्या इशाऱ्याची सोय चालू आहे की नाही हे प्रत्येकाने पाहावे. तो आवाज आल्यास काय करावयाचे, हे धाकट्या भावंडांना एकदा समजावून सांगावे. आणि "डाव सोडून उठ, गुण गेले तरी चालतील" एवढे वाक्य मोठ्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवावे.